निळ्या ट्रकचा आवाज

खामगावहून ट्रक परत येत होता तेव्हा आई दारात उभी राहून फोनवर बोलत होती. बोलता बोलता ती थांबली, "नंतर करते" म्हणाली आणि रस्त्याकडे कान देऊन उभी राहिली. ट्रक अजून वळणापलीकडे होता.

"हा आपलाच ट्रक हाय काय वं?" तिने मला विचारलं.

आपलाच होता. इंजिनाच्या ओळखीच्या घरघरीखाली दुसराच एक आवाज होता, लांबट, थरथरता, रिकामं जातं ओढल्यासारखा. वेग कमी झाला तसा तो खाली बसला आणि ट्रक अंगणात येईपर्यंत नाहीसाही झाला. त्यामुळे मला त्याचा जास्तच संशय आला.

ट्रक वडिलांचा. ते गेल्यावर तो विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. आईने विकला नाही. वडिलांच्या वेळेपासून जो माणूस तो चालवत होता त्याच्याच हातात तिने किल्ली राहू दिली. काका अमडापूरचेच, आमच्याच गावचे, पण आमच्या समाजाचे नाहीत. त्यांच्या घरी वांगी, मिरची, पालक पिकवतात. दोघे भाऊ मळा बघतात आणि हे एकटे पहिल्यापासून गाड्यांच्या नादाला लागलेले. आईला ते वहिनी म्हणतात, आई त्यांना भाऊजी म्हणते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, केस पांढरे, बोलणं कमी. आमची किल्ली गेली तर या वयात दुसरा कोणताही मालक त्यांच्या हाती गाडी देणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

मी पत्रकांवर वाढले. माल पोचवून येताना वडील सभांची, मोर्चांची, शिबिरांची पत्रकं घेऊन यायचे. उरलेले गठ्ठे सीटखाली असायचे. त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले आणि 'जाब विचारा' हे दोन शब्द मला शाळेत जाण्याआधी वाचता येत होते. पुढे मीही लिहू लागले. रेशनच्या धान्यातले खडे, वसतिगृहाचं जेवण, बुलढाण्याच्या कचेरीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका, असं दिसेल ते लिहिलं. त्यातून एक सवय जडली. काही बिघडलं की मी आधी विचारते, यात फायदा कोणाचा? आई म्हणते, "तुह्या पत्रकात सगळेच चोर असतात. वाचणारा सोडून."

त्या दिवशी काका खाली उतरले तसं मी विचारलं, "काका, हा आवाज कधीपासून आहे?"

"जातानाच होता. रिकामी होती तवा कमी, सोयाबीन भरल्यावर जास्त."

"मग फोन काऊन नाही केला?"

"फोनवर आवाज दुरुस्त होते काय?" असं म्हणून ते हात धुवायला गेले.

मला हे उत्तर पटलं नाही. गाडी गावातून निघाली तेव्हा आम्ही कोणीच आवाज ऐकला नव्हता. आई कामावर होती, मी बुलढाण्याला. परत आली ती आवाज घेऊन. आणि खामगावात ती मापाचा नंबर लागेपर्यंत मार्केटमध्ये उभी होती, मुक्काम पडला होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले. आईचे भाऊ. ते चिखलीत राहतात, त्यांच्या मालवाहू पिकअप गाड्या आहेत आणि आमच्या ट्रकबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असा त्यांचा समज आहे. त्यांनी स्वतः गाडी चालवून पाहिली. मी शेजारी बसले होते. काका मागे उभे होते. स्वतःच्या गाडीत मागे उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. सरळ रस्त्याला वेग घेतला की आवाज उठे, पायाखालचा पत्रा थरथरे. उतारावर मामांनी गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली. आवाज तसाच राहिला.

"गिअरबॉक्स नाही," मामा म्हणाले. "मागचं काम हाय."

चिखलीच्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं. मागच्या चाकांच्या मधोमध बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक पोटासारखा गोल भाग असतो. त्यात क्राऊन नावाचं दातेरी चाक बसवलेलं असतं, इंजिनाची ताकद शेवटी तिथून चाकांना मिळते. मिस्त्रीने त्या पोटाचं तेल बोटावर घेऊन चोळलं, एक लांब पाना त्याला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि मान हलवली. "क्राऊन गेलं ताई. खोलावं लागते."

"कसं गेलं?" मामा एकदम म्हणाले. "हिच्या बापानं नवं टाकलं होतं. म्या सोबत होतो."

मिस्त्री बोट चिंधीला पुसायला लागला. पुढचं वाक्य सगळ्यांच्या डोक्यात तयार झालं होतं. मोठ्या मार्केटच्या आसपास असे प्रकार होतात हे प्रत्येक ट्रकवाला सांगतो: चांगला भाग काढून जुना बसवायचा आणि मधली रक्कम खिशात घालायची. मालकाला कळेपर्यंत पावसाळा उलटलेला असतो.

घरी आल्यावर मामांनी ते उघड बोलून दाखवलं. काका तोवर आपल्या घरी गेले होते.

"माणूस चांगला हाय, मी नाही म्हणत नाही. पण ताई, शेवटी आपला नाही ना तो."

माझ्या अंगाची आग झाली. "मामा, हेच वाक्य आजवर आपल्याबद्दल कोण कोण बोललं, सांगू?"

"तुहं पत्रक नको काढू आता."

"पत्रक नाही काढत. विचारून राह्यली. आपला म्हणजे कोण? तुमचा ड्रायव्हर? त्याले हा ट्रक द्यायचा हाय काय तुम्हाले?"

मामांचा चेहरा पडला. बाण बरोबर लागला असं मला वाटलं, कारण तोही फायदा मी मोजून ठेवला होता. काका गेले तर ट्रक मामांच्या हाताखाली जाणार. क्राऊन बदललं तर मिस्त्रीचं काम होणार. आणि क्राऊन आधीच बदललं गेलं असेल तर काकांचा. तिघांचाही फायदा होता, त्यामुळे कोणाला सोडावं हेच मला कळेना. 'आपला नाही' या शब्दांचा मला राग आला होता, पण राग आला म्हणून काका निर्दोष ठरत नव्हते. ज्याच्या बाजूने आपल्याला बोलायचं असतं त्यालाही प्रश्न विचारावा लागतो.

आईने काकांना बोलावून घेतलं. ती मान खाली घालून बोलली. "भाऊजी, क्राऊन खोलून होईपर्यंत किल्ली इथं राहू द्या."

काकांनी किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "खोला वहिनी. पण जातानाच होता आवाज, म्या सांगतलं होतं."

"हाव, सांगतलं होतं."

"मंग बस."

ते चालत निघाले. संध्याकाळपर्यंत चिखलीच्या ट्रक स्टँडवर बातमी गेली होती, क्राऊन काढून विकलं म्हणून. तिथे ती कोणी नेली असेल हे वेगळं सांगायला नको. मामा म्हणाले, "मी चोर नाही म्हटलं कोणाले. शंका म्हटली फक्त."

मिस्त्री खोलायला येणार होता त्याच्या आदल्या दुपारी आईला काहीतरी आठवलं. "तुह्या बापानं खुणा करून ठेवल्या हायत. छिन्नीनं. अर्धी रेघ पोटावर, अर्धी आतल्या भागाच्या कडेवर. कोणी बदललं तर रेघ जुळत नाही, असं म्हणे."

माझे वडील जगाला भाऊ मानणारे म्हणून गावात ओळखले जात. त्यांनीही ट्रकच्या पोटाखाली अशा खुणा करून ठेवल्या होत्या, याचं मला बरं वाटलं.

मी रॉकेल, तारेचा ब्रश आणि जुनी सुरी घेऊन ट्रकखाली शिरले. वर पाहिलं तर सगळं निळं. चेसी निळी, कमानीचे पाटे निळे, मागचं बिडाचं पोट निळं, चाकांच्या आतल्या नटांवरही निळा ऑइलपेंट. हे जयंतीचं काम. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी आमचाच ट्रक असतो. यंदा जानेफळच्या मंडळाने गाडी कशी रंगवली याचे फोटो आले, तसं आमच्या मंडळाने ठरवलं की आपल्या गाडीचा एक इंचही निळ्यावाचून राहता कामा नये. गाडीखाली जाऊन कोण बघणार होतं, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

आमच्याकडे मिरवणुकीत ट्रक इंजिनाने चालवत नाहीत. दोर लावून माणसं ओढतात. एका दोराला बायका, दुसऱ्याला पुरुष. इंजिन मात्र सुरू ठेवावं लागतं, कारण रोषणाईच्या बॅटऱ्या त्यावर चार्ज होतात. पुढे दोरावर एवढी माणसं, केबिनमध्ये चढलेली लेकरं, आणि कोणाचा हात गिअरला लागला तर ट्रक सरळ माणसांवर जाईल. म्हणून आदल्या दिवशी काका मधला शाफ्ट सोडून ठेवतात. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाणारा लांब लोखंडी दांडा. त्याचे मागचे बोल्ट काढले आणि तो चेसीला बांधून ठेवला, की इंजिन कितीही फिरलं तरी चाकं फिरत नाहीत. ही पद्धत वडिलांनी सुरू केली आणि काकांनी चालू ठेवली.

मी मागच्या पोटापाशी घासायला लागले. निळा रंग निघाला, त्याखाली जुनं काळं तेल, त्याखाली बीड. रेघ सापडली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्ही अर्ध्या रेघा एका ओळीत. आतला भाग बदललेला नव्हता.

मी लगेच बाहेर आले नाही. रेघ नवीही कोरता येते. मी नखाने तिच्यात साचलेला मळ काढून पाहिला. तो मळ बऱ्याच वर्षांचा होता, एका महिन्यात तयार होणारा नव्हता. मग वाटलं, वडिलांनी आणखी कुठे खुणा केल्या असतील त्याही पाहाव्यात. म्हणून शाफ्ट घासत घासत पुढे सरकले. तो दांडा एकसंध नसतो. एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, खाचांमध्ये खाचा बसून. त्या सांध्यावर रंग सगळ्यात जाड होता, थेंब सुकून लोंबत होते. सुरीने खरवडला तर खाली कोरलेला छोटा बाण दिसला. वडिलांचा नव्हे, कारखान्यातला. बाण आहे म्हणजे तो कशाकडे तरी दाखवत असणार. त्याच्यासमोर काही नव्हतं. दुसरा बाण दुसऱ्या तुकड्यावर निघाला, दोन बोटं बाजूला.

कपडे न बदलता मी मळ्यावर गेले. काका पालकाच्या जुड्या बांधत होते. त्यांच्या धाकट्या भावाने मला पाहून हाक दिली, "आली बाप्पा पोलीस! काय तपासाले आली? वांगे मोजून देऊ काय?"

"गप रे," काका म्हणाले. "काय झालं व पोरी?"

मी फोनवरचा फोटो दाखवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे बाण समोरासमोर पाहिजेत," ते म्हणाले. "नाही तर दोन टोकांचे सांधे एकमेकांशी भांडतात. दांडा थरथरते अन् आवाज मागच्या पोटात घुमते. लोकाले वाटते क्राऊन गेलं." मग एकदम थांबले. "पण म्या तर हे तुकडे वेगळे केलेच नाही. म्या फक्त मागचे बोल्ट काढले होते."

"चला, पाहा."

ते आले. ट्रकपाशी उकिडवे बसून त्यांनी आत पाहिलं, आणि दोन्ही हात मागे घेतले.

"काका, हात लावून पाहा ना."

"नाही. म्या हात लावला तर म्हणतान, आत्ताच फिरवला. तुह्या मामाले बोलाव, मिस्त्रीले बोलाव. अन् ज्यानं रंग मारला त्याले बोलाव. तवरोक मी इथंच बसतो. उठत बी नाही."

मामा आणि मिस्त्री चिखलीहून येईपर्यंत ते तसेच ट्रकपासून चार हात लांब बसून राहिले. आईने पाणी दिलं तर तांब्याही डाव्या हातात घेतला. उजवा मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा.

मंडळाचा सचिव आला. मोबाइलचं दुकान चालवणारा, तिशीतला, माझी पत्रकं वाटण्यात नेहमी पुढे असणारा. मी त्याला विचारलं, "हा शाफ्ट कोणी वेगळा केला?"

"आम्ही. बांधलेला होता तर मागून नीट रंगवता येत नव्हता. मंग खेचला, तर तो मधूनच निघाला. मस्त दोन्ही भाग रंगवले, वाळवले. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी काका जानेफळले लग्नाले गेले होते, म्हणून आम्हीच फिट करून टाकला. काऊन? रंग गेला काय?"

"बसवताना बाण पाहिले होते?"

"कोणते बाण?"

"मग कसा बसवला?"

"गेला तसा बसवला."

मिस्त्री हसला. मामा हसले नाहीत. सचिवाने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हे बाहेर नको नेऊ. जयंतीच्या कामात चूक काढली म्हणतीन. विरोधक टपलेलेच हायत."

"काकांचं नाव बाहेर गेलं तेव्हा कुठे होते तुम्ही?"

"ते वेगळं."

"ते वेगळं कसं?"

तो खिशातून मोबाइल काढून बघायला लागला. माझ्याकडे त्याच्यासाठी यापेक्षा मोठा प्रश्न नव्हता. लग्नाहून आल्यावर काकांनी शाफ्ट जागेवर पाहिला, सगळे बोल्ट आवळून घेतले आणि खामगावला निघाले. वरून सगळं एकसारखं निळं होतं. मधला सांधा उघडून पुन्हा घातलाय, हे कळायला काही जागाच नव्हती.

मिस्त्रीने शाफ्ट उतरवला, रंग खरवडून काढला, बाण जुळवले, ग्रीस भरलं. मी त्याच्या मागे उभी होते. "परवा तर तुम्हाला क्राऊन गेलेलं दिसत होतं," मी म्हटलं.

"परवा आवाज तिथूनच येत होता ना ताई," तो निवांतपणे म्हणाला.

गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. या वेळी मिस्त्रीने चालवली, कारण काका चालवायला तयार नव्हते. वेग वाढला, पायाखालचा पत्रा शांत राहिला. मी आवाज शोधत होते, सापडला नाही. मामा म्हणाले, "कमी झाला. पुरा गेला असं नाही म्हणता येत."

आईने किल्ली काकांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"वहिनी, घरात तुम्ही मले काही बोलल्या नाही. पण स्टँडवर मी चोर झालो. तिथं मी उद्या गाडी लावली तर बाजूचा ड्रायव्हर आपली स्टेपनी पाहून घेईन."

"काका, मी लिहिते," मी म्हणाले. "काय झालं ते सगळं. छापून स्टँडवर, मार्केटमध्ये, सगळीकडे वाटू."

"नको." ते इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. "माह्या नावाचं पत्रक नको काढू. ज्याले माहीत नाही त्याले बी माहीत पडीन. अन् कागद घरात राहते. लोक म्हणतीन, काहीतरी झालं असंन म्हणून तर छापलं." मग ते मामांकडे वळले. "तोंडानं गेलं हाय. तोंडानंच सांगा."

मी पहिल्यांदाच असा माणूस पाहत होते, ज्याला न्याय हवा होता पण पत्रक नको होतं. मला ते पटलं, पण आवडलं नाही.

मामा कचरले. "मी चोर म्हटलंच नव्हतं तर सांगू काय?"

"शंका म्हटली होती ना? मंग तीच सांगा, वापस घेतली म्हणून."

आई मामांना म्हणाली, "जा. आत्ताच जा. नाही तर ट्रक उभा राहीन, अन् सोयाबीन तू डोक्यावर नेजो."

काका स्टिअरिंगवर बसले, मामा मधे, मी दाराशी. चिखलीला पोचलो. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी पाच-सहा मालक आणि ड्रायव्हर होते. मामांनी घसा साफ केला आणि सांगितलं की क्राऊन जागेवरच होतं, गडबड शाफ्टची होती, पोट्ट्यांनी रंगवताना उलटा बसवला, आणि आपण जे बोललो ते चुकीचं होतं. शेवटचे शब्द इतके हळू, की एकाने "काय, काय?" केलं आणि मामांना ते पुन्हा म्हणावे लागले.

"म्हणजे तुमच्याच पोट्ट्यांनी?" एक जाडजूड मालक म्हणाला.

"आमच्याच," मी म्हणाले.

"मंग आता कोणावर शक हाय?"

सगळे हसले. काकाही हसले, पण उशिरा. एकजण माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही भल्या घरचे लोक, झाकून घेतलं. तरी डिझेलवर लक्ष ठेवत जा." मी त्याला मोठ्याने विचारलं, "कशावर लक्ष ठेवू? पुन्हा सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं." तो चहाचे पैसे द्यायला वळला.

काकांनी किल्ली ठेवून घेतली, गाडी तेच चालवतात. मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडला की पुढच्या जयंतीला गाडीच्या खालच्या भागाला रंग लागणार नाही आणि शाफ्टला काकांशिवाय कोणी हात लावणार नाही. सचिवाने तो सुधारून 'जाणकार व्यक्ती' असं केलं. मी पुन्हा उभी राहिले आणि 'काका' हाच शब्द लिहून घ्यायला लावला. सचिव अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता खेप निघायच्या आधी काका दरवेळी मला हाक मारतात. आम्ही दोघं गाडीखाली वाकतो. ते टॉर्च धरतात, मी बाण पाहते. समोरासमोर असतात.

"दिसले?"

"दिसले."

"नीट पाह्य. मंग नको म्हणू."

एकदा मी म्हटलं, "काका, आता कशाला? माझा भरवसा आहे."

"असू दे ना भरवसा," ते म्हणाले. "तू पाह्य."

ही त्यांची काळजी आहे की मला दिलेली शिक्षा, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी टॉर्च विझवला की मी बाजूला होते आणि ट्रक फाट्याकडे वळेपर्यंत तिथेच उभी राहून ऐकत राहते.